इंग्रजीतलं ‘कोणाचं?’ : चूक मुलाची की आपल्या तक्त्याची?



आज अगदी छोट्या शब्दांबद्दल लिहितो आहे. माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर. एकूण सात शब्द. पाचवीपर्यंत मुलांना ते तोंडपाठ होतात. फळ्यावर तक्ता असतो, वहीत तक्ता असतो, गाईडमध्येही तोच तक्ता असतो. तरीही सातवी-आठवीच्या वह्या तपासायला घेतल्या की माझी निम्मी लाल शाई याच सात शब्दांवर संपते. तुमचाही अनुभव फारसा वेगळा नसेल.

बरीच वर्षं मी याला निष्काळजीपणा म्हणत होतो. ‘अरे, पाठ आहे ना तुला? मग लिहिताना कुठे जातं?’ हे माझं ठरलेलं वाक्य. आज ते वाक्य मागे घ्यायचं आहे, आणि का घ्यायचं तेही सांगायचं आहे.

एक जुना तास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचा वर्ग, निबंधाचा विषय ‘माय फादर’. एक मुलगा उभा राहून वाचायला लागला. एरवी तो फार बोलायचा नाही, त्या दिवशी मात्र आपणहून हात वर केला होता. त्याने वाचलं, ‘माय फादर इज अ ड्रायव्हर. देअर टेम्पो इज ग्रीन. देअर हँड्स आर व्हेरी स्ट्राँग.’

मी त्याला तिथेच थांबवलं आणि विचारलं, ‘अरे, तुला वडील तरी किती आहेत?’

वर्ग हसला. मीही हसलो. तो खाली बसला.

पुढच्या चाचणीत पुन्हा तोच निबंध आला. या वेळी त्याने एकही चूक केली नाही. त्याचे वडील आता ऑफिसात जात होते, सकाळी सहाला उठून फिरायला जात होते आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचत होते. सगळीकडे ‘हिज’ बरोबर होतं. मी दहापैकी आठ गुण दिले आणि मनात म्हणालो, चला, सुधारला.

निबंध गाईडमधला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हिरवा टेम्पो आणि ते मजबूत हात वहीतून कायमचे गेले होते, आणि ते मी घालवले होते, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. त्या मुलाने वर्षभर पुन्हा आपणहून वाचायला हात वर केला नाही.

तो नक्की कुठे चुकला होता?

त्याची वाक्यं मराठीत म्हणून बघा. ‘माझे वडील ड्रायव्हर आहेत. त्यांचा टेम्पो हिरवा आहे. त्यांचे हात खूप मजबूत आहेत.’ यात काही चूक आहे का? उलट त्याने ‘त्याचा टेम्पो’ लिहिलं असतं तर मराठीच्या बाईंनी त्याला लगेच टोकलं असतं, ‘वडिलांबद्दल असं बोलतात का?’ आपल्या तक्त्यात लिहिलेलं आहे, ‘देअर म्हणजे त्यांचा’. मुलाने तक्ता पाळला आणि वडिलांचा मानही राखला. आम्ही हसलो ते या दोन गोष्टींना.

हवं तर आपल्या वर्गातल्या वह्या काढून पाहा. ‘माय फादर’, ‘माय ग्रँडफादर’, ‘माय टीचर’ या निबंधांत ‘देअर’ जागोजागी सापडेल. ‘माय मदर’मध्ये मात्र तीच मुलं बहुतेक वेळा ‘हर’ बरोबर लिहितात. कारण उघड आहे. आपल्या बहुतेक घरांत आई ‘ती’ असते आणि वडील ‘ते’ असतात. पाठांतर कच्चं असतं तर दोन्ही निबंध सारखेच चुकले असते. एकच चुकतो, याचा अर्थ मूल नियमाने चाललं आहे. फक्त तो नियम मराठीचा आहे.

दुसरी नेहमीची चूक घ्या. ‘रवी अँड हर सिस्टर’. किंवा ‘मीना अँड हिज ब्रदर’. मुलगा-मुलगी कळत नाही का, म्हणून आपण चिडतो. पण मराठीत बघा. माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर. मालक एकच, तरी शब्द तीन वेळा बदलला, कारण आपल्याकडे चा-ची-चे हे मालकाकडे न बघता वस्तूकडे बघतात. ‘त्याची बहीण’ म्हणताना मुलाच्या कानावर शेवटचा ‘ची’ पडतो. ‘ची’ म्हणजे स्त्रीलिंग, स्त्रीलिंग म्हणजे ‘हर’. त्याचा हिशेब पक्का आहे. इंग्रजीत मात्र वस्तूचं लिंग कोणी विचारतच नाही. तिथे फक्त मालक बघायचा असतो. रवीची बहीण असो, भाऊ असो की सायकल असो, सगळीकडे ‘हिज’.

आता गंमत अशी, की आपला तक्ता ‘हिज म्हणजे त्याचा, हर म्हणजे तिचा’ एवढंच सांगतो. त्याची, त्याचे, त्याच्या, तिची, तिचे, तिच्या या रूपांचं काय करायचं, ते मुलाने आपलं आपण ठरवायचं. त्यात आपली उदाहरणं ‘हिज ब्रदर’ आणि ‘हर सिस्टर’ अशी. मालकही पुल्लिंगी, भाऊही पुल्लिंगी. मूल मालकाकडे बघून लिहितं आहे की वस्तूकडे बघून, हे अशा उदाहरणात कळणारच नाही. दोन्ही वाटांनी उत्तर बरोबरच येतं. चाचणीत पूर्ण गुण मिळतात, आपण पुढचा धडा घेतो, आणि निबंधात सगळं कोसळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हे सात शब्द नुसत्या तक्त्याने शिकवणं थांबवावं. ‘देअर म्हणजे काय?’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘हे कोणाचं?’ हा प्रश्न आधी विचारावा. आणि तो मराठीत विचारावा.

शेपूट झाका

मी आता वर्गात काय करतो ते सांगतो. फळ्यावर ‘त्याची’ असा शब्द मोठ्या अक्षरात लिहितो आणि ‘ची’ तळहाताने झाकतो. काय उरलं? ‘त्या’. कोण आहे? तो. मग ‘हिज’. ‘तिचा’ लिहितो, ‘चा’ झाकतो. ‘ति’ उरलं. म्हणजे ती. मग ‘हर’. मराठीने दोन्ही बातम्या एकाच शब्दात ठेवल्या आहेत. डोक्याकडे मालक, शेपटाकडे वस्तू. इंग्रजीला फक्त डोकं हवं आहे. मुलं याला ‘शेपूट झाकणं’ म्हणतात आणि पेपर लिहिताना खरोखर बोटाने झाकतात.

सरावासाठी मी मुद्दाम विजोड जोड्या देतो. बाबांची छत्री, आईचा मोबाईल, दादाची पिशवी, ताईचा रुमाल, आजोबांची काठी, आजीचा चष्मा. मालक एका लिंगाचा, वस्तू दुसऱ्या लिंगाची. इथे अंदाजपंचे चालत नाही. तुम्ही प्रश्नपत्रिका काढत असाल तर एवढं एकच करून बघा, ‘हिज ब्रदर’च्या जागी ‘हिज सिस्टर’ येईल असा प्रश्न घाला. कोणाला खरंच समजलं आहे, ते पाच मिनिटांत दिसेल.

टिंब कशाचं?

शेपूट झाकल्यावर ‘त्यांची’मधून ‘त्यां’ उरतं. डोक्यावर टिंब आहे. आता दुसरा प्रश्न. हे टिंब संख्येचं की मानाचं? मुलं अनेक आहेत म्हणून ‘त्यांची’ असेल तर ‘देअर’. वडील, आजोबा, सर एकटेच आहेत, आपण त्यांना मान देतो आहोत म्हणून ‘त्यांची’ असेल, तर पुरुषाला ‘हिज’ आणि बाईंना ‘हर’.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण मुलांना हे मनापासून पटत नाही. मागच्याच वर्षी एका मुलीने मला विचारलं, ‘सर, आजोबांना हिज म्हणायचं? त्याची काठी म्हटल्यासारखं नाही का वाटत?’ किती योग्य प्रश्न आहे! तिला मी सांगितलं, इंग्रजीत मान या शब्दात ठेवलेलाच नाही. तिथे राजालाही ‘हिज’ आणि चोरालाही ‘हिज’. मान द्यायचा तर तो ‘सर’, ‘मॅडम’, ‘प्लीज’ अशा शब्दांत आणि बोलण्याच्या सुरात द्यायचा. म्हणजे ‘हिज’ लिहिल्याने आजोबांचा मान कमी होत नाही. तिने मान डोलावली, पण लगेच नाही, जरा वेळाने. हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्या टेम्पोवाल्या मुलाला मी ती दोन मिनिटं दिली नव्हती.

हेच टिंब पुढे आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतं. नावापुढे वर लटकणारं ते चिन्ह, अपॉस्ट्रॉफी, एसच्या आधी द्यायचं की नंतर, हा मुलांचा कायमचा गोंधळ. कारण इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच, कानाला फरक कळतच नाही. पण मराठीत ‘मुलीचा डबा’ आणि ‘मुलींचा डबा’ यात टिंब आहेच. टिंब नाही, म्हणजे मुलगी एक. ‘गर्ल’ लिहा, मग चिन्ह, मग एस. टिंब आहे आणि ते संख्येचं आहे, म्हणजे मुली अनेक. आधी ‘गर्ल्स’ पूर्ण लिहा आणि एसच्या नंतर चिन्ह द्या. ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘विमेन’ हे शब्द अनेकवचनी असूनही एसने संपत नाहीत, म्हणून त्यांना चिन्ह आणि मग एस. आणि ‘बाबांची छत्री’मधलं टिंब मानाचं, बाबा एकच, म्हणून ‘फादर’ लिहून चिन्ह, मग एस.

माणूस की वस्तू?

तिसरा प्रश्न. मराठीत नदी ‘ती’ आहे, डोंगर ‘तो’ आहे. म्हणून ‘नदी आणि तिचं पाणी’ लिहिताना मुलं ‘हर वॉटर’ लिहितात. शेपूट झाकून उत्तर ‘ति’ आलं तरी मालक माणूस आहे की वस्तू, हे विचारायला हवं. वस्तू असेल तर ‘इट्स’. घरातल्या लाडक्या कुत्र्याला किंवा मांजरीला इंग्रज माणूसही ‘हिज’ किंवा ‘हर’ म्हणतो, तेवढी सूट मुलांना सांगावी.

आता ‘इट्स’मधल्या चिन्हाबद्दल. मालकी सांगणाऱ्या ‘इट्स’ला चिन्ह नसतं, ‘इट इज’च्या छोट्या रूपाला असतं. वाचून बघायचं, ‘इट इज’ बसतं का? बसलं तर चिन्ह द्या, नाही बसलं तर नको. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांपैकी कोणालाच चिन्ह नाही, हाही त्यांचाच भाऊबंद. मात्र या चुकीवर फार रागावू नका, अशी माझी विनंती आहे. मालकीचं ‘इट्स’ इंग्रजीत तसं उशिराने आलेलं आहे. १६११ साली निघालेल्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या पहिल्या छपाईत ते नव्हतंच, निर्जीव वस्तूलाही तेव्हा ‘हिज’ चालत असे. पुढे अठराव्या शतकातसुद्धा शिकलेसवरलेले इंग्रज मालकीच्या ‘इट्स’मध्ये ते चिन्ह सर्रास घालत. ज्यांची मायबोली त्यांनाच एवढा वेळ लागला, तर आपल्या सातवीतल्या मुलाला एखादं वर्ष द्यायला काय हरकत आहे?

पुढे वस्तू आहे का?

शेवटचा प्रश्न. मराठीत ‘ही माझी वही आहे’ आणि ‘ही वही माझी आहे’, दोन्हीकडे ‘माझी’च. म्हणून ‘धिस बुक इज माय’ असं वाक्य जन्माला येतं. इंग्रजीत शब्दाच्या लगेच पुढे वस्तू असेल तर माय, युअर, हर, अवर, देअर. पुढे काहीच नसेल तर माईन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स. ‘हिज’ दोन्हीकडे सारखंच राहतं. शब्दाच्या पुढे बोट ठेवून बघायचं, वस्तू आहे की जागा रिकामी आहे. बस.

याची उलटी बाजूही सांगायला हवी. आपण मुलाला म्हणतो, ‘हात धू, डबा खा, दप्तर भर.’ कोणाचे हात, ते आपण सांगत नाही, कारण सांगायची गरजच नसते. ‘तुझे हात धू’ म्हटलं तर विचित्र वाटेल. इंग्रजीत मात्र ‘युअर’ म्हणावंच लागतं. म्हणून आपली मुलं ‘आय वॉश्ड हँड्स’ लिहितात. हासुद्धा विसरभोळेपणा नव्हे, मराठीची सवय आहे.

‘इंग्रजीच्या तासाला मराठी?’

मला ठाऊक आहे, काही शिक्षकांना हे पटणार नाही. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, मराठी मध्ये आणली की मूल आयुष्यभर भाषांतर करत राहतं, असं ते म्हणतील. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक शब्दाला शेपूट झाकत बसणारं मूल अस्खलित बोलू शकणार नाही. म्हणून ही युक्ती म्हणजे लहानग्याचा पांगुळगाडा आहे. काही आठवडे वापरायचा आणि मग भरपूर बोलून, वाचून तो सोडायचा.

पण मूल मनात भाषांतर करतच असतं, आपण परवानगी दिली तरी आणि नाही दिली तरी. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी सातवीतलं मूल ‘रवी अँड हर सिस्टर’ लिहितं, याचा अर्थ मराठी वर्गाच्या दाराबाहेर थांबलेली नाही. ती आत आहेच. मग ती लपूनछपून चुका घडवू दे, की फळ्यावर आणून तिच्याकडून काम करून घेऊ, एवढाच आपला निर्णय आहे.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो. ‘अर्थ कळला ना? मग एवढा कीस कशाला?’ पण अर्थ नेहमी कळतोच असं नाही. उताऱ्यात समजा मीना आणि रवी भांडत आहेत आणि वाक्य आहे, ‘रवी टुक हर बॅग’. बॅग कोणाची? मीनाची. पण बॅग मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून मूल वाचतं, ‘रवीने त्याची बॅग घेतली’. एका शब्दाने गोष्टच फिरली. रवीने दुसऱ्याची बॅग उचलली आहे, हे त्या मुलाला कळलंच नाही. पुढचे सगळे प्रश्न चुकतात आणि आपण शेरा लिहितो, ‘आकलन कच्चे’.

पालकहो, घरी एवढं करा

यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही, आणि तुमचं इंग्रजी उत्तम असायलाच हवं असंही नाही. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना किंवा घर आवरताना मुलाला एकेक वस्तू दाखवा आणि मराठीतच विचारा, ‘ही पिशवी कोणाची?’ तो म्हणेल, ‘दादाची.’ मग म्हणा, ‘इंग्रजीत सांग.’ ‘हिज बॅग.’ हा मोबाईल कोणाचा? ‘आईचा. हर फोन.’ पाच मिनिटं पुरतात. चुकला तर हसू नका. ‘वस्तू सोड, मालक कोण?’ एवढंच विचारा. तो स्वतः सुधारेल.

आणखी एक. मराठीत ‘आमचं घर’ आणि ‘आपलं घर’ वेगळं असतं. ‘आपलं’ म्हटलं की समोरचा माणूसही त्या घरात येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘अवर’. ‘सीताने गीताला आपली वही दिली’ म्हटलं की वही सीताची, हे आपल्याला चटकन कळतं. इंग्रजीतल्या ‘हर’वरून वही सीताची की गीताची, ते मागचा-पुढचा संदर्भ पाहूनच ठरवावं लागतं. हेही मुलांना जरूर सांगा. आपल्या भाषेत काही सोयी इंग्रजीपेक्षा जास्त आहेत, हे कळलेलं मूल इंग्रजीपुढे जरा ताठ उभं राहतं.

आता वह्या तपासताना ‘देअर’वर लाल रेघ मारण्याआधी मी एकदा ते वाक्य मराठीत वाचतो. टिंब मानाचं निघालं तर समासात लिहितो, ‘मान बरोबर, शब्द हिज हवा.’ एवढं लिहायला रेघ मारण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पण आजोबांना ‘हिज’ म्हणायचं का असं विचारणाऱ्या त्या मुलीने नंतर आजोबांवरचा निबंध स्वतःच लिहिला. त्यात काठी होती, तंबाखूची डबी होती, आणि दोन ठिकाणी ‘हिज’ चुकलेलंही होतं. पण आजोबा तिचे होते, गाईडमधले नव्हते.

या आठवड्यात एका वर्गात ‘माय फादर’ किंवा ‘माय ग्रँडफादर’ लिहायला द्या. गुण देऊ नका. नुसती मोजणी करा, किती ‘देअर’ मानाचे आहेत. मग ठरवा, लाल शाई कोणाच्या नावावर पडायला हवी.